मऊ पाठीचं कासव: खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून कासवाबद्दल जे फोन येतात त्यांचे हंगाम ठरलेले आहेत. मार्च ते मे तलावाचा गाळ काढणाऱ्यांचे, मृगाचा पाऊस पडला की रस्त्यावर कासव दिसलेल्यांचे, आणि अमावास्या जवळ आली की वीस नखी कासवाच्या शोधात नखं मोजणाऱ्यांचे. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत.

आमच्या तळ्यात दिसतं ते कासव नेमकं कोणतं?

पाठ गुळगुळीत, शेवाळी-तपकिरी, हाताला ओल्या चामड्यासारखी लागत असेल, पोट पांढरट असेल आणि नाकाचं टोक छोट्या नळीसारखं पुढे आलेलं असेल, तर ते इंडियन फ्लॅपशेल टर्टल. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. मराठीत त्याला सरसकट मऊ पाठीचं कासव म्हणतात. पाठीची लांबी बहुधा वीस-पंचवीस सेंटिमीटर, फार तर पस्तीसच्या आसपास. मऊ पाठीच्या कासवांच्या घराण्यात हे लहानखुरंच. उत्तर भारतात गंगा आणि सिंधूच्या खोऱ्यातल्या त्याच्या भाऊबंदांच्या डोक्यावर-पाठीवर पिवळे ठिपके असतात. आपल्याकडच्या उपजातीची पाठ बिनठिपक्यांची. म्हणून नेटवरचा ठिपकेदार फोटो बघून "आमचं वेगळंच दिसतं" असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पाठ टणक, काळपट आणि तिच्यावर उभ्या तीन कडा असतील, तर ते काळं कासव, म्हणजे इंडियन ब्लॅक टर्टल. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते जमिनीवरचं तारा कासव. त्याला पाण्यात सोडू नका, ते बुडून मरतं. दया म्हणून त्याला तलावात टाकणारे भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

पाठ मऊ म्हणजे आत हाड नसतं का?

असतं की. पाठीला आणि पोटाला हाडांचा सांगाडा आहेच. इतर कासवांच्या हाडांवर शिंगासारखे टणक खवले असतात, याच्या हाडांवर ते नाहीत, कातडी आहे. त्यामुळे कवच हलकं आणि चपटं राहतं, आणि गाळात शिरायला ते सोयीचं पडतं. तोटा असा की टिकावाची टोच किंवा जेसीबीच्या बकेटचा दात लागला की कातडी लगेच फाटते.

खरी गंमत पोटाकडे आहे. घाबरलं की ते आधी मान आत घेतं, मग पुढचे पाय. त्यामागोमाग पोटाच्या पाटीचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि तोंडाकडची फट मिटते. मागचे पाय आत गेले की पोटाच्या मागच्या कडेची दोन मांसल झाकणं त्यांच्यावर येऊन बसतात. पिशवीची नाडी ओढावी तसं सगळं बंद. इंग्रजी नावातला फ्लॅप तो हाच. दूर सरकून शांत बसलात तर पाच-दहा मिनिटांनी आधी फक्त नाकाची नळी बाहेर येते, हवेचा अंदाज घेते, आणि बराच वेळ तेवढीच दिसत राहते.

खान्देशात कुठे सापडतं?

संथ पाणी आणि तळाला गाळ, एवढ्या दोनच अटी. गावतळी, पाझर तलाव, पाटचाऱ्या, नदीतले डोह, धरणाच्या फुगवट्याचे उथळ काठ. नवापूरकडची भाताची खाचरंही त्याला चालतात. तापी-पूर्णेच्या गाळाने हतनूर धरणाचा काठ उथळ झाला, तो पाटबंधारेवाल्यांना डोकेदुखी वाटतो, या कासवाला मात्र तसाच काठ लागतो. पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीच्या, म्हणजे गावाने मिळून पाटपाणी वापरायच्या पद्धतीच्या बंधाऱ्यांमागेही हीच रचना आहे: अडवलेलं पाणी, कडेला चिखल, शेजारी ओली शेतं. सिमेंटच्या अस्तराचा, खडा चढ असलेला कालवा त्याच्या काही कामाचा नाही.

उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हा ही कासवं जातात कुठे?

बरीचशी कुठेच जात नाहीत. तिथेच असतात, तुमच्या पायाखाली.

पाणी कमी होऊ लागलं की यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक, रात्री किंवा पावसाळी हवेत जमिनीवरून चालत दुसरं पाणी गाठायचं. दुसरी, गाळात घुसायचं आणि पाऊस येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या वाटेला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. वरचा गाळ वाळून त्याला भेगा पडतात, खाली ओल टिकून असते, त्या ओलीत कासव बसून राहतं. खाणं बंद, हालचाल जवळजवळ बंद, शरीराचा सगळा कारभार मंदावलेला. अंगातली चरबी आणि पाणी पुरवून पुरवून वापरायचं. अशा अवस्थेत ते चार महिने आणि काही वेळा त्याहून जास्त काढू शकतं. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा वरच्या मातीवर अनवाणी पाय ठेववत नाही. हातभर खाली मात्र वेगळंच हवामान असतं.

या टिकावालाही मर्यादा आहे. खालची ओलच संपली, किंवा पाऊस दोन महिने लांबला, तर ती मरतात. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला की लहान तळ्यातली बरीच कासवं संपू शकतात.

खान्देशातल्या तलावांबद्दल बोलताना मला हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: कोरडा दिसतो म्हणून तलाव रिकामा समजू नका. धरणाच्या पोटात पाणी हटल्यावर गाळपेर करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, नांगराच्या फाळाला कासव लागलेलं त्यांनी पाहिलेलं असतं.

गाळ काढताना कासव निघालं. आता काय करू भो?

आधी मशीन दोन मिनिटं थांबवा. एक निघालं म्हणजे आजूबाजूला आणखी असू शकतात.

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत बऱ्याच तलावांचा गाळ शेतात गेला. शेतीला त्याचा फायदा झाला, त्याबद्दल वाद नाही. पण काम चालतं ते नेमकं ऐन उन्हाळ्यात, कासव गाळात बसलेलं असतं त्याच दिवसांत. ट्रॉलीतून गाळाबरोबर शेतात गेलेलं कासव उन्हात पसरलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत कुत्रं किंवा कावळा त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

सापडलेलं कासव जखमी नसेल तर त्याच तलावात, जिथे खोदाई होणार नाही अशा ओल्या कोपऱ्यात, शक्यतो सावलीत ठेवा. त्याच्या बाजूचा चिखल हाताने थोडा सैल करून द्या, आत ते स्वतः शिरेल. तलावात थोडं डबकं उरलं असेल तर त्याच्या काठाला ठेवा. तापीच्या पात्रात नेऊन सोडू नका. "नदीत भरपूर पाणी आहे, तिथे सुखी राहील" हा विचार प्रेमाचा असला तरी अनोळखी वाहत्या पाण्यात त्याला लपायची जागा, खाण्याची जागा, काही माहीत नसतं. शिवाय एका पाण्यातले रोग दुसऱ्या पाण्यात जातात.

काम सुरू करण्याआधी ठेकेदाराशी बोलून एक गोष्ट करता येते. तलावाचा सगळ्यात खोल, शेवटपर्यंत ओला राहणारा भाग त्या वर्षी न खोदता सोडायचा. पुढच्या वर्षी तो काढा आणि दुसरा सोडा. ग्रामसभेत मांडलं तर लोक ऐकतात, मासे टिकतात हे कारण पुढे केलं तर जास्तच ऐकतात.

कातडी फाटली असेल, हाड दिसत असेल, तर हळद-चुना काही लावू नका. ओल्या गोणपाटात सैल गुंडाळून बादलीत ठेवा, बादली पाण्याने भरू नका, आणि वनविभागाला कळवा. राज्याचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे.

विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं, हे खरं का?

यात एक आणा तथ्य आहे. हे कासव मेलेले मासे, बेडूक, किडे खातं, त्यामुळे तळ्यातली घाण कमी व्हायला हातभार लागतो. पण तळं वेगळं आणि चाळीस-पन्नास फूट खोल बांधीव विहीर वेगळी.

विहिरीत ऊन खायला काठ नसतो. कासव थंड रक्ताचं, अंग तापवायला त्याला बाहेर यावं लागतं. अन्न थोडं. अंडी घालायला माती नाही, त्यामुळे मादी विहिरीत असेल तर तिचा वंश तिथेच थांबला. त्यात आता बोअरमुळे पाणी खाली गेलेलं, वर मोटर, खाली खडक. जुन्या काळी पायऱ्यांची बारव असायची, तिथे निदान टप्प्यावर बसता यायचं. आणि शास्त्र सोडून व्यवहाराचं बोलायचं तर कासव पाण्यातच हगतं. पिण्याच्या विहिरीसाठी तुरटी आणि ब्लीचिंग पावडर बरी.

पाण्याखाली इतका वेळ श्वास न घेता कसं राहतं?

फुफ्फुसं आहेतच, त्यासाठी नाकाची नळी तेवढी पाण्याबाहेर काढली की झालं, बाकीचं अंग गाळात. शिवाय मऊ पाठीच्या कासवांना कातडीतून आणि घशाच्या आतल्या अस्तरातून पाण्यातला प्राणवायू थोडाफार घेता येतो. निवांत पडलं असेल तर तेवढ्यावर बराच वेळ निभतं. पळापळ झाली की वर यावंच लागतं.

म्हणूनच मासेमारीच्या जाळ्यात रात्रभर अडकलेलं कासव सकाळी मेलेलं निघतं. ते झटापट करतं, प्राणवायू संपतो, आणि बुडून मरतं. पाण्यातला जीव बुडून मरतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही. जाळं लावणाऱ्यांनी शक्यतो मध्ये एकदा फेरी मारावी.

खातं काय?

मिळेल ते. गोगलगायी, बेडूक आणि त्यांची पिल्लं, झिंगे, मासे, गांडुळं, पाणकिडे, मेलेलं जनावर, आणि त्याबरोबर पाणवनस्पती, गवत, पाण्यात पडलेली फुलं-बिया. मत्स्यबीज खाऊन टाकतं अशी तक्रार येते. थोडं खात असेलही, पण चपळ मासा पकडणं त्याच्या आवाक्यातलं नाही. आजारी आणि मेलेला मासा त्याच्या वाट्याला जास्त येतो.

शेततळ्यात कासव पडलंय, बाहेर निघत नाही.

प्लॅस्टिकच्या अस्तराचं शेततळं हा त्याच्यासाठी सापळाच. पाण्याच्या वासाने येतं, घसरून आत पडतं, आणि ओल्या प्लॅस्टिकवर नखं रुततच नाहीत. आत गाळ नाही, खायला नाही. पोहून पोहून थकतं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. एका कोपऱ्यात जुनं मासेमारीचं जाड जाळं, काथ्याची चटई किंवा शिवलेली गोणपाटं वरून खालपर्यंत सोडायची. वरचं टोक खुंटीला पक्कं बांधायचं, खालचं टोक पाण्यात हातभर बुडालेलं ठेवायचं. कासव, घोरपड, मुंगूस, एखादं कुत्र्याचं पिल्लू, सगळे त्यावरून बाहेर येतात. त्यात माणूसही आला. शेततळ्यात पाय घसरून गेलेल्यांच्या बातम्या खान्देशात दरवर्षी वाचतो आपण.

पहिल्या पावसात कासव रस्त्यावर आलं. घरी आणलंय. चुकलं का?

उचललंत ते बरं केलंत, घरी आणायला नको होतं. पाऊस पडला की गाळातून निघून ते दुसऱ्या पाण्याकडे चालायला लागतं, ते हरवलेलं नसतं. जिथे सापडलं तिथेच परत न्या आणि ज्या दिशेला त्याचं तोंड होतं त्या बाजूला रस्त्यापलीकडे ठेवा. मागे ठेवलंत तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर येणार.

उचलताना दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला, दोन्ही बाजूंनी धरा. शेपटीला किंवा पायाला धरून लोंबकळवू नका.

चावतं का?

हो. लाजाळू आहे, पण मान वाटते त्यापेक्षा लांब आहे आणि ओठांच्या मांसल घडीखाली जबड्याची धार आहे. बोट पकडलंच तर ओढाताण करू नका, हात कासवासकट पाण्यात धरा, बहुतेकदा सोडतं. विषबिष काही नाही. कासव हाताळल्यावर साबणाने हात मात्र धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास होतो.

अंडी कधी घालतं? बांधावर गोल अंडी सापडली ती याचीच का?

पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा लहान, साधारण तीन सेंटिमीटरची, पांढरी, पूर्ण गोल आणि कडक कवचाची असतील तर शक्यता मोठी आहे. घोरपडीची आणि सापाची अंडी लांबट आणि चिवट सालीची असतात.

मादी पाण्याजवळच्या मऊ मातीत, बांधाच्या उतारावर खड्डा करते, दोनपासून चौदापर्यंत अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. वर्षातून दोन-तीनदाही घालते. अंडी घालण्याचे महिने प्रदेशाप्रमाणे बदलतात. पिल्लं बाहेर यायला मात्र अंड्यांना कित्येक महिने लागतात. याचं कारण असं की आतला गर्भ मध्येच वाढ थांबवून बसतो. कोरड्या, अवघड दिवसांत पिल्लू बाहेर पडलं तर जगणार नाही. थांबून पाऊस-पाण्याच्या दिवसांत निघालं तर तळ्यात गोगलगायींची आणि बेडूकपिल्लांची रेलचेल असते. आई मोठी होऊन गाळात थांबते, पिल्लू अंड्यात थांबतं. नुकतं निघालेलं पिल्लू चारेक सेंटिमीटरचं असतं आणि बगळ्यापासून मुंगसापर्यंत सगळ्यांच्या तोंडचा घास.

अंडी सापडली तर उलटीपालटी न करता होती तशीच मातीने झाका. कोंबडीखाली ठेवून उबवायचा प्रयोग करू नका.

नर-मादी कसं ओळखायचं?

मादी मोठी. नराची शेपटी लांब आणि जाड. बऱ्याच कासवांत पिल्लू नर की मादी हे मातीच्या उष्णतेवर ठरतं, मऊ पाठीच्या कासवांत मात्र ते आपल्यासारखं जन्मतःच गुणसूत्रांवर ठरतं.

वीस नखांचं कासव असेल तर पैशांचा पाऊस पाडायच्या पूजेसाठी त्याचे लाखो रुपये मिळतात असं एक जण सांगत होता.

त्याला सांगा, आधी नखं मोज. या कासवाच्या प्रत्येक पायाला बोटं पाच, पण नखं तीनच. चार पायांची मिळून बारा. तारा कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखी कासवाचा बाजार उभा आहे तो मुळात न मिळणाऱ्या वस्तूवर, आणि न मिळणाऱ्या वस्तूची किंमत काहीही सांगता येते. मधला दलाल "वजन कमी पडलं", "नख तुटलंय" म्हणत तुमच्याकडून ॲडव्हान्स, पूजेचं सामान, गाडीभाडं काढत राहतो. पैशांचा पाऊस पडतो तो त्याच्या अंगणात.

यात दोन कायदे लागतात: वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. फसवला गेलेला माणूसही कासवासकट सापडला तर आरोपीच होतो, हे गळ्याशी येईपर्यंत कोणी सांगत नाही.

देवळातल्या दगडी कासवाला हात लावून आत जाणारे आपण सगळे. त्या श्रद्धेला कोणाची हरकत नाही. पितळी कासव हवं तर बाजारात मिळतं.

मग टाकीत पाळायला काय हरकत आहे?

कायद्याची आहे. हे कासव अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पकडणं, बाळगणं, विकणं, खाणं, सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. "तळ्यात इतकी दिसतात, दुर्मिळ कुठली" असं लोक म्हणतात. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात एकाच छाप्यात सहा हजारांहून अधिक कासवं पकडली गेली, ती हीच. मांसासाठी आणि कवचाच्या कडेच्या कूर्चेसाठी ती देशाच्या पूर्वेकडे आणि पुढे बाहेर जातात. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आता हे असुरक्षित गटात मोडतं.

आणि दुकानात मिळतात ती हिरवी, लाल कानाची?

ती अमेरिकेतली, रेड-इअर्ड स्लायडर. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असताना विकतात, काही वर्षांत ताटाएवढी होतात, टाकी वास मारते, आणि मग घरचे रात्री गुपचूप मेहरूणच्या तलावात किंवा नदीत सोडून येतात. असं अजिबात करू नका. ती दणकट आणि खादाड असतात, ऊन खायच्या जागा आणि अन्न बळकावतात. सांभाळायचं नसेल तर वनविभागाला किंवा प्राणी बचाव केंद्राला विचारा.

पिवळंधमक कासव सापडल्याचा व्हिडिओ खरा आहे का?

खरा असू शकतो. जुलै २०२० मध्ये ओडिशात बालासोर जिल्ह्यात असं कासव मिळालं होतं, आणि त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये आणखी एक. दोन्ही याच जातीची. रंगद्रव्य जन्मतः कमी असल्याने अंग पिवळं दिसतं. आपल्याकडे मिळालंच तर ते सोन्याचं म्हणून त्याची मिरवणूक काढू नका.

कासवाचा फोटो ग्रुपवर टाकला तर चालेल?

फोटो टाका, गावाचं आणि तळ्याचं नाव टाकू नका, मोबाइलमधलं लोकेशनही बंद करा. नखं मोजणारे आपल्याच ग्रुपमध्ये असतात. जागा सांगायचीच असेल तर वनरक्षकाला फोन करून सांगा.